नानांच्या गॅरेजमधली टिकटिक

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्याला किस्से शोधत जावं लागत नाही. बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात, आणि चार माणसं जमली की प्रत्येकाचं निदान वेगळं! नाशिकच्या अंबड लिंक रोडवर नानांचं गॅरेज आहे. या हिवाळ्यात मी तिथे इतक्या वेळा गेले, की बाकावर माझी जागाच ठरून गेली.

गाडी माझ्या नवऱ्याची, सतीशची. तो गेल्यावर बरेच महिने ती पार्किंगमध्ये तशीच उभी होती. मग मी ड्रायव्हिंगची उजळणी केली आणि कॉलेजला तीच न्यायला लागले. तेव्हा कळलं की तिची ती नेहमीची टिक-टिक-टिक हा इंजिनातला आवाज आहे. कधी येतो, कधी येत नाही.

पुण्याहून मुलगी म्हणाली, "आई, विकून टाक. इंजिन बसलं तर फुकटसुद्धा कोणी नेणार नाही." शेवटी आमचं ठरलं. इंजिन खोलावं लागलं तर विकायची, नाहीतर ठेवायची.

मला ठेवायची होती.

*

पहिल्या दिवशी गाडी सतीश न्यायचा त्याच, नानांच्या गॅरेजमध्ये नेली. नानांनी बॉनेट उघडलं, कान लावला. इंजिन एकसुरात चालू!

"मॅडम, आवाज कुठाय?"

"सकाळी येत होता हो."

"आमच्या नातवाचं असंच आहे. घरी खोकून खोकून जीव घेतो आणि डॉक्टरसमोर गाणं म्हणतो!"

मी म्हटलं, थोडं थांबू. थांबलो. सगळे इंजिनाकडे बघत उभे. चहा आला, संपला. गाडीने एक टिकसुद्धा काढली नाही.

नानांनी बॉनेट लावलं. "पेशंट ठणठणीत आहे. बरोबर आलेल्या नातेवाइकाला तपासावं लागेल!"

*

दातारकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. गॅरेजमध्ये त्यांचं काही काम नसतं, पण ते रोज येतात. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे.

"टर्बाइनसुद्धा असंच ऐकायचो आम्ही," ते म्हणाले. "आता कोणी बोलू नका."

काका इंजिनावर इकडून तिकडे सरकत गेले. एका जागी थांबले आणि चेहरा उजळला.

"सापडला! स्पष्ट ऐकू येतोय. आतलं टॅपेट वाजतंय! हेड खोलावं लागणार."

हेड खोलणं म्हणजे इंजिन खोलणं, आणि इंजिन खोलणं म्हणजे गाडी विकणं.

तेवढ्यात नाना म्हणाले, "काका, गाडी मी कधीच बंद केलीय."

काका ऐकत होते ते गरम लोखंड थंड होताना वाजतं ते! पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच तर इतका स्पष्ट येतोय."

*

मग ठरलं की गाडी चालवून बघायची. मी स्टिअरिंगवर, शेजारी नाना, मागे दातारकाका आणि संपतराव. संपतराव येवल्याचे कांदा व्यापारी, त्यांचा पिकअप कायम नानांकडे असतो. काचा खाली, रेडिओ बंद, बोलायची बंदी. चौघेही माना एका बाजूला कलवून आवाजाची वाट बघतोय.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला ट्रॅफिक हवालदाराने आम्हाला पाहिलं. जवळ आला. आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "काय हो, मयताला चाललात का?"

नानांनी जीभ चावली.

मी म्हटलं, "नाही. ते मागच्या वर्षीच झालं. आता गाडीचं बघतोय."

सिग्नल सुटला. सिटी सेंटर मॉल मागे पडला. मग संपतराव हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही पण लय भारी बोलता."

आवाज काही आलाच नाही.

*

परत आल्यावर संपतरावांनी मला बाजूला घेतलं. "ताई, एवढं नका मनाला लावून घेऊ. माझ्या पिकअपला असाच आवाज होता. येवल्याहून नाशिकला येईस्तोवर डोकं उठायचं."

"मग काय केलंत?"

"मोठे स्पीकर बसवले!"

"आणि इंजिनाचं?"

"ते मनमाडजवळ बसलं. पण तोवर आवाज नाय आला!"

*

शेवटी नाना म्हणाले, गाडी ठेवून जा. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांचा फोन. शटर उघडायला गाडी आड येत होती, म्हणून त्यांनी ती सुरू केली होती.

"मॅडम, ऐका!" आणि त्यांनी मोबाईल थेट बॉनेटमध्ये धरला. मला रस्त्यावरचे हॉर्न आणि एक कुत्रा ऐकू आला.

"आलं का ऐकू?"

"नाना, झालंय काय?"

झालं होतं ते साधंच. धूर बाहेर नेणारा जो लोखंडी भाग इंजिनाला जोडलेला असतो, त्या सांध्यातलं गॅस्केट, म्हणजे फट बंद ठेवणारी पातळ पट्टी, फाटलं होतं. इंजिन थंड असलं की फटीतून हवा सुटते आणि टिकटिक होते. गरम झालं की लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज बंद. गारठा जास्त असला की जास्त, ऊन असलं की कमी. आणि मी दरवेळी अर्ध्या शहरातून गाडी तापवत त्यांच्याकडे नेत होते! एवढे जाणकार, पण थंड इंजिन कोणी ऐकलंच नव्हतं.

"म्हणजे इंजिन खोलायचं नाही?"

"कशाला खोलायचं? बाहेरूनच काम आहे."

मी मुलीला कळवलं. संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले, तर दातारकाका म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

"काका, तुम्ही टॅपेट म्हणाला होतात," नाना म्हणाले.

"मग? वीतभर तर अंतर आहे!"

*

गॅस्केट बसवायच्या दिवशी मी सकाळीच रिक्षाने गेले. बारकू मिस्तरी नुकताच कामावर परतला होता. नानांकडचा सर्वांत जुना माणूस, मूळचा सटाण्याचा. मुलीच्या लग्नासाठी गावी गेला होता, म्हणून या सगळ्या प्रकरणात तो नव्हता.

त्याने थंड गाडीला चावी मारली. टिक-टिक-टिक. तो हसायलाच लागला.

"हाऊ आवाज माले माहीत शे!"

नाना भडकले. "माहीत होता तर इतके दिवस बोलला का नाहीस?"

"मी व्हतो का इथं? आणि सतीशसाहेबांना तर मी दोनदा सांगितलं होतं. गॅस्केट पण काढून ठेवलं होतं. साहेबच म्हणे, राहू दे."

"राहू दे? का?" मी विचारलं.

बारकूने हात पुसले. "म्हणे, गाडी सुरू झाली की हा आवाज ऐकून आमची ही गॅलरीत येती. चष्मा, रुमाल, काही ना काही माझं राहिलेलंच असतं. ती दोरीला पिशवी बांधून खाली सोडती. आवाज बंद केला तर तिला कळायचं कसं?"

दातारकाकांनी चष्मा काढून काचा पुसल्या. संपतराव रस्त्याकडे बघत राहिले. गाडी टिकटिकत होती.

"मग ताई?" नवं गॅस्केट हातात धरून बारकू म्हणाला. "बसवू, का राहू देऊ?"

"बसवा," मी म्हणाले. "आता गाडी मी चालवते."