कॅमेलियाला मातीची भर

लोहारा सोडलं त्या सकाळी आई फाटकापर्यंत आलीच नाही. दादाने माझी बॅग ऑटोत ठेवली, शेजारणींनी डोळे पुसून घेतले, आणि आई मागच्या अंगणात माझ्याकडे पाठ करून बसली होती. जास्वंदीच्या बुंध्याशी दोन्ही हातांनी माती ओढत होती. आमच्याकडे कपाशीला अशी मातीची भर देतात, म्हणजे रोप वाऱ्याने लोळत नाही. आई सगळ्यांनाच भर द्यायची, कढीपत्त्याला, कुंडीतल्या तुळशीलासुद्धा. "जाय," मान न वळवता ती म्हणाली. "मी येईन तिकडं. तुह्या झाडाईले भर द्यायले." मला रागच आला. मी काय झाडं लावायला चालले होते? मी नर्सच्या नोकरीसाठी थंड डोंगरावरच्या कुन्नूरला चालले होते.

हे मी दादासाठी लिहितेय, आणि आमच्या भागातून पुण्याला, सुरतेला, दुबईला गेलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी. तुमच्याकडे असं काही घडतं का, एवढंच विचारायचं आहे. हसायचं असेल तर हसा.

हॉस्पिटलच्या क्वार्टरसमोर लाल मातीत कॅमेलियाचं एक झुडूप होतं. तमिळ मला तेव्हा 'दुखतंय का' आणि 'श्वास घ्या' एवढंच येत होतं, त्यामुळे बोलायला ते झुडूपच बरं वाटे. तुळतुळीत गडद पानं, थंडीत गुलाबी फुलं. पाकळ्या गळत नाहीत, अख्खं फूल तोंड वर करून खाली पडतं. फोटो पाठवला तर आई म्हणाली, "पडलं तरी झाडाकडेच पाहून राह्यलं व हे."

तिच्याच सांगण्यावरून मी त्याला वीतभर भर दिली आणि झुडूप आजारी पाडलं. पानं पिवळी झाली, कळ्या न उमलताच गळाल्या. कॅमेलियाची मुळं अगदी वरवर असतात, त्यांना हवा लागते. बुंधा मातीत गाडला की तो कुजतो. मी सगळी भर उकरली, बुंधा मोकळा ठेवून भोवती पालापाचोळा पसरला आणि तसं आईला कळवलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे बरं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

येते येते म्हणत आई इकडे कधी आलीच नाही. एकदा तुरीची सोंगणी आडवी आली, मग गुडघे, आणि मग तिला विसर पडू लागला. स्वतःच्या घरात बसून ती "मले घरी जायचं हाय" म्हणायची. या आजारात असंच होतं, असं मी दादाला समजावलं. कितीतरी पेशंटच्या नातेवाइकांना मी हेच सांगत आले आहे.

यंदा फुलं संपली, आणि एका सकाळी पाहते तर झुडपाला भर दिलेली. वीतभर उंच, गोल, वरून थापलेली. मी हॉस्पिटलच्या माळ्यावर चिडले. तो शपथ घेऊन म्हणाला, मी हात लावला नाही. मी ती भर उकरून टाकली. दोन दिवसांनी पुन्हा भर. यावेळी मी खाली वाकून पाहिलं. ओल्या मातीत बोटांचे ठसे होते, पण उजव्या हाताची करंगळी कुठेच उमटली नव्हती. आईची उजवी करंगळी लहानपणापासून आखडलेली आहे. मी फाटकाला कडी लावायला लागले, आणि दिवसाढवळ्या घराच्या दारालाही. भर येतच राहिली, मी उकरतच राहिले.

एप्रिलात दादाचा फोन आला. "बेबी, काही तरी येगळंच हाय. एवढ्या उन्हात आई कूलर बंद कर म्हणते, सेटर घालून बसते. अन् तिच्या टाचाईले लाल माती."

आमच्या अंगणातली माती काळी. "रस्त्यावरचा मुरूम असेल," मी म्हणाले.

"अवं, घराबाहेर गेलीच नाही तं मुरूम कुठून येईन?"

मे महिन्यात मी लोहाऱ्याला गेले. आई स्वेटर घालून खाटेवर बसली होती. माझ्याकडे पाहून अदबीनं म्हणाली, "बसा बाई. कोणाच्या व तुम्ही?" मी घमेलं आणलं, तिचे पाय मांडीवर घेऊन धुतले. पाणी लाल झालं. पाय बर्फासारखे गार होते.

"मी रोज माह्या पोरीकडं जातो," ती सांगू लागली. "लय थंडी हाय तिकडं."

"मग तिच्या घरात का नाही जात?"

"दाराले कडी असते न. बाहेरच्या बाहेर झाडाले भर देतो अन् येतो. तं ते बी उकरून टाकते. काहून उकरते, तुम्ही विचारा न तिले."

मी नर्स आहे, चारचौघांत रडत नाही. त्या दिवशी दादासमोर ढसाढसा रडले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, परक्या बाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

कुन्नूरला परतले तेव्हा भर तशीच होती, वरून सुकलेली. मी तिला हात लावला नाही. झुडूप गेलं तर जाऊ दे, म्हटलं. फाटकाची कडी काढली, दाराची काढली, आणि सकाळी सातच्या धुक्यात कितीतरी वर्षांनी आपल्या बोलीत मोठ्याने म्हणाले, "ये व माय, आत ये." कुणी दिसलं नाही. मी ड्यूटीवर गेले.

दुसऱ्या सकाळी भर नव्हती. मी काढली नव्हती. बुंधा मोकळा होता आणि भोवती पालापाचोळा नीट पसरलेला होता, मी पसरते तसाच.

मी पायरीवर बसले होते तेवढ्यात दादाचा फोन. "बेबी, आईनं आज सेटर काढून ठेवला. घरी जायचं बी म्हणत नाही. म्हणलं, थंडी नाही वाजत का? तं म्हणते, आता काहून वाजन, पोरीनं घरात घेतलं."

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी लोहारा सांगायचे. अजूनही तेच सांगते. फक्त ड्यूटीवर जाताना दाराला कडी लावत नाही, नुसतं ओढून घेते.