दुधी काचेपलीकडचा हात

अपडेटनंतर फोनच्या पडद्यावरची बटणं दुधी काचेसारखी झालीत. मागचं सगळं धूसर हलताना दिसतं. तसाच एक हात आठवतो.

चिखलीतल्या एका वर्कशॉपात अनिल आणि मी एकच लेथ आलटूनपालटून चालवायचो. पुढे तो चाकणच्या कंपनीत खरेदीचा साहेब झाला, मी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. पहिल्या ऑर्डरच्या आशेनं मी लेथवर घडवलेला नमुन्याचा जॉब घेऊन त्याच्या केबिनबाहेर बसलो होतो. दुधी काचेआड त्याचा हात उंचावला. बोलावतोय असं समजून मी उठलो.

शिपाई बाहेर आला. "साहेब नाहीत."

"मग आत हात कोण हलवतंय, राव?" मी ओरडलो.

"भाऊ, मला नोकरी टिकवायचीय," तो हळूच म्हणाला.

तेव्हा ती काच फोडावीशी वाटली. आता वाटतं, माझ्याकडे बघायची अनिलचीच हिंमत झाली नसेल. राग अजून आहे, पण भांडायला जाण्याइतकी उमेद उरली नाही.