गवतातलं जनावर

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर दुसऱ्याने ठरवलेल्या रस्त्याने बस चालवली, आणि निवृत्तीनंतर घर घेतलं तेही अशा वसाहतीत, जिथे पायी कुठून चालायचं हेसुद्धा दुसऱ्यानेच ठरवलेलं. वसाहत नवी कोरी, निसर्गाच्या कुशीतली म्हणून विकलेली. अलीकडे एक गल्ली, पलीकडे एक, मधे मुद्दाम राखलेलं गवताळ रान. काकूंची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत राही. म्हातारपणी हाकेच्या अंतरावर असावं म्हणून दोघींनी हट्टाने समोरासमोर घरं घेतली होती.

पण पायवाट आखणाऱ्याने तळ्याला वळसा, झाडांना वळसा, वळशालाही वळसा घातला होता, लोकांनी निसर्ग बघत चालावं म्हणून. काकूंचे गुडघे निसर्ग बघण्याच्या पलीकडे गेलेले. त्यांचं जाणं बंदच झालं. दोघी बहिणी आपापल्या खिडकीतून नुसत्या हात हलवायच्या आणि ते काकांना बघवत नसे.

मग काकांनी फिरायला जाण्याच्या नावाखाली रोज रानातून सरळ, पाय घासत ये-जा सुरू केली. गवत बसलं, वाट पडली. वसाहत जागी व्हायच्या आत काकू काठी टेकत ताईकडे पोचू लागल्या.

ती वाट वसाहतीच्या समितीच्या अध्यक्षबाईंच्या नजरेला पडली. गवताच्या काडीलाही कुणी दुखावलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी काकांना हटकलं, तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, काका म्हणाले की पहाटे कुठलंसं जनावर जातं, मी स्वतः पाहिलंय. रंग तपकिरी. चाल जरा लंगडी.

बाईंचे डोळे पाणावले. घरं विकताना माहितीपत्रकात हरणापासून घुबडापर्यंत सगळे छापले होते आणि प्रत्यक्षात आले होते फक्त डास. दुसऱ्याच दिवशी वाटेच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधली गेली आणि पाटी लागली: ‘वन्य प्राण्यांची वाट. माणसांना मनाई.’ यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काकूंनी जाब विचारल्यावर काकांनी सगळं सांगून टाकलं, लंगड्या चालीसकट. काकू पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या.

"मला जनावर केलंत ते केलंत," त्या म्हणाल्या. "पण ताई खिडकीत वाट बघत बसलीय, तिला काय सांगू?"

खरं बोलावं तर वाट कायमची बुजवतील, ही काकांना धास्ती.

सकाळी अध्यक्षबाई पाच-सहा रहिवाशांना दुर्बिणी देऊन बाकांवर दबा धरून बसल्या होत्या. काकू तपकिरी स्वेटर घालून, काठी टेकत थेट दोरीपाशी गेल्या. काका घराच्या खिडकीत पडदा हातात धरून आडून बघत होते.

"मावशी, ही प्राण्यांची वाट आहे," अध्यक्षबाई कुजबुजल्या. "बुजतील ते."

"ते जनावर मीच," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. "गुडघे दुखतात म्हणून सरळ जाते. बहिणीकडे जाते. दोरी उचला, मला वाकता येत नाही."

अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या खिडकीत बसलेल्या म्हातारीकडे, आणि मुकाट्याने दोरी उचलली.

काकू दोन पावलं जाऊन थांबल्या.

"इतक्या लवकर उठून आलात, तर काहीच न बघता जाऊ नका," त्या म्हणाल्या. "थापा मारणारं जनावर आमच्या खिडकीत आहे. पडद्यामागे बघा."

सगळ्या दुर्बिणी एकदम वळल्या. काकांना हातातला पडदा सोडायचंही सुचलं नाही.