बोस्टन हरलं

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात आम्ही रायस्वाइक या डच गावात राहत होतो. माझ्या प्रोजेक्टसाठी बायको बोस्टनमधली प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आली होती. इथे तिच्याकडे उरलं होतं काय? डचचा वर्ग, आमची लहान मुलगी आणि तिथून सोबत आलेलं बेसबॉलचं वेड.

त्या वर्षी उपांत्य फेरीत बोस्टन न्यूयॉर्ककडून पहिले तीनही सामने हरलं. आणखी एक हरलं की घरी. तिथून त्यांनी सलग तीन जिंकले. बेसबॉलमध्ये असं पूर्वी कुणाला जमलं नव्हतं. सामने चालू असताना इकडे पहाट असायची, म्हणून ती ते टेप करायची.

शेवटचा, निर्णायक सामना टेप झाला त्या सकाळी आमचं भांडण झालं.

"तिथे मी कुणीतरी होते," ती म्हणाली. "इथे नुसती तुझी बायको."

मी सायकल काढत होतो, तेव्हा तीच दारात आली. "संध्याकाळी लवकर ये. आजची मॅच तुझ्याबरोबर बघणार आहे. निकाल कळला तरी सांगू नकोस."

ऑफिसात मी निकाल पाहिला. बोस्टन दणदणीत जिंकलं होतं. मला संताप आला. भांडणात आख्खं शहर तिच्या बाजूने उभं राहिल्यासारखं वाटलं.

घरी साबुदाणावडे तळून तयार होते. दिवसभर तिने टीव्ही, कॉम्प्युटर काहीच लावलं नव्हतं. बूट काढता काढता मी म्हणालो, "हरले तुझे."

ती ताटली घेऊन तशीच उभी राहिली. "सांगू नको म्हटलं होतं ना?"

"तुझा वेळ वाचवला."

मुलगी कार्टूनसाठी भुणभुण करत होती. "मॅचच्या त्याच टेपवर करून दे तिला रेकॉर्ड," बायको म्हणाली. बटण मी दाबलं. मग वडे खाल्ले.

जेवताना बोस्टनहून तिच्या मैत्रिणीचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "पाहिलंस ना? जिंकलो गं! ओरडून ओरडून माझा घसा बसलाय!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "हो तर. दोघांनी मिळून पाहिलं."

"नवऱ्याला कळलं का काही?"

"त्याला? रडला तो."

फोन ठेवून तिने मला भात वाढला.

अंतिम फेरीचे सामने तिने टेप केले नाहीत. बोस्टनने शहाऐंशी वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं, ते तिला मीच सांगितलं. या वेळी खरं सांगितलं.

"असेल," ती म्हणाली.