उतरताना आधी वेग

आमच्या जिल्ह्यात प्रत्येक गावाला वाटतं की आपल्याकडची लाईट जगावेगळी आहे. काष्टीचा माणूस सांगणार, आमच्याकडं दाबच नसतो. कोपरगावचा म्हणणार, कारखान्याचा बॉयलर पेटला की आमची लाईट नाचते. दूध संकलनाची मशीनं बनवणाऱ्या नगरच्या एका लहानशा कंपनीत मी काम करते, त्यामुळे ही रडगाणी मला तोंडपाठ आहेत. आमच्याकडे बिघाडालाही गावाचंच नाव असतं. "हे काष्टी झालंय" असं कोणी म्हणालं की समजायचं, मशीन चालता चालता गोठलं. त्यावर सगळे हसतात. मीही हसायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, देवळाली प्रवराकडच्या एका डेअरीवर याच कंपनीचं मशीन चालवायचे. लोक दूध घालायला यायचे, मशीन वजन करायचं, फॅट काढायचं, पावती द्यायचं. शेवटचा माणूस गेला की अण्णांनी एक बटण दाबायचं, म्हणजे त्या वेळेच्या सगळ्या नोंदी पक्क्या व्हायच्या. काही संध्याकाळी मशीन नेमकं तेव्हाच अडकायचं. बंद करून चालू केलं की शेवटच्या काही जणांच्या नोंदी नाहीशा. शेवटी येणारे म्हणजे एका गाईवाले, मजुरीवरून उशिरा परतणारे लोक. बिलात त्यांचं दूध कमी दिसायला लागलं आणि गावात बोंब झाली की हा माणूस गरिबाचं दूध खातो.

कंपनीने साहेब पाठवला. त्याने भर दुपारी कमिटीसमोर मशीन चालवून दाखवलं. अडकलं नाही. "मशीनमध्ये दोष नाही," असं सांगून, चहा पिऊन तो गेला. मशीनमध्ये दोष नाही म्हटल्यावर राहिला कोण? आईने अण्णांचा पिच्छा पुरवला. "कबूल करा आन् मोकळं व्हा. पोरीचं लगीन व्हायचंय अजून." अण्णांनी न केलेली चोरी कमिटीपुढे कबूल केली. नोकरी गेली. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला आणि मशीन पुन्हा म्हणून अडकलं नाही. त्यानंतर कोणाच्या मनात शंका राहायचं कारणच उरलं नाही.

कमाल आईची. तिनेच कबूल करायला लावलं आणि तिचाच त्या कबुलीवर विश्वास बसला. घरात दूध उतू गेलं की ती पाहुण्यांसमोर म्हणायची, "जाऊ द्या, चोराच्या घरी दुधाला काय तोटा!" पाहुणे पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. अण्णा घास चावत राहायचे. मला त्या दोघांचाही संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर अण्णांचा जास्त.

त्याच कंपनीत नोकरी का धरली, असं मैत्रिणी विचारतात. पुण्याला जायची घरून परवानगी नव्हती आणि नगरला माझ्या शिक्षणाचं दुसरं काही मिळत नव्हतं, एवढंच कारण. अण्णा तर म्हणाले, "धर की. मशीन चांगलं हाय त्यांचं." ज्यांनी देवळालीत चहा पिऊन निकाल दिला होता, तेच साहेब आता माझे सर झाले. त्यांनी मला मनापासून शिकवलं, हेही सांगायला हवं.

गेल्या वर्षी आमच्या मशीनमधला प्रोसेसर बदलायचं ठरलं. जुना कोड नव्यावर जशाच्या तसा चालेना. सरांनी कर्नलमधला व्होल्टेज सांभाळणारा भाग माझ्याकडे दिला. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला मुकादम. कोणी कधी किती राबायचं ते तो ठरवतो. काम आलं की प्रोसेसरचा वेग वाढवायचा, काम संपलं की बॅटरी वाचवायला वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवायचं. यात एक साधा नियम आहे. चढताना आधी व्होल्टेज, मग वेग. उतरताना आधी वेग, मग व्होल्टेज. बैलाची वैरण कमी करायची तर आधी त्याच्या मानेवरचं ओझं कमी करा, इतकी साधी गोष्ट.

"बाकी काही बदलू नकोस, नुसतं नीट लावून दे," सर म्हणाले.

दुसऱ्याचा कोड साफ करताना मला दुसऱ्याचं घर झाडल्यासारखा दुष्ट आनंद होतो. सरांच्या कोडमध्ये तर नुसती अडगळ होती. तेच काम जागोजागी वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं, आणि मध्ये मध्ये गावांची नावं. काष्टीचा मशीन नंबर असेल तर व्होल्टेज थोडं जास्त ठेव. कोपरगावचा असेल तर उतरवण्याआधी जरा थांब. तक्रार आली की सर मोटारसायकलवर त्या गावाला जायचे, तिथल्या लाईटची गाऱ्हाणी ऐकायचे आणि त्या गावापुरती एक ओळ घालून परत यायचे. गाव खूश, सर खूश. कित्येक ठिकाणी त्यांना फेटाही बांधला होता.

मी सगळं एका ठिकाणी आणायला घेतलं तेव्हा दिसलं की चढताना क्रम बरोबर आहे आणि उतरताना उलटा. शेवटचं बटण दाबून काम संपलं की सरांचा कोड आधी व्होल्टेज काढून घ्यायचा आणि मग वेग कमी करायचा. दणकट चिप ते सोसायची, नाजूक चिप एखाद्या वेळी त्याच क्षणी गोठायची. गावोगावच्या लाईटचा यात काडीचा संबंध नव्हता. इतक्या वर्षांची इतक्या गावांची दुखणी म्हणजे सरांची एकच चूक होती. मला हसू आलं. मी एकेक गाव पुसत खाली आले आणि शेवटचं नाव देवळाली प्रवरा निघालं.

कोणती ओळ कोणी कधी घातली, हे आमच्याकडे कॉम्प्युटरवर बघता येतं. मी बघितलं. ओळ सरांचीच होती. अण्णांना काढल्यानंतरच्या महिन्यातली. म्हणून नव्या माणसाच्या हातात मशीन अडकायचं थांबलं होतं.

मी लॅपटॉप तसाच उचलून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सर, देवळालीत तुम्ही कमिटीला सांगितलं होतं की मशीनमध्ये दोष नाही."

"त्या दिवशी नव्हताच. माझ्यासमोर कुठे अडकलं?"

"मग ही ओळ?"

"नंतर दुसऱ्या गावांतूनही तशाच तक्रारी आल्या. म्हटलं, इथेही घालून ठेवू. नवा माणूस आला तेव्हा जाऊन टाकून आलो."

"तिथे कोणाला सांगितलं?"

"अगं, कोणाला सांगणार? माणूस तर काढून झाला होता. त्याने कबूलही केलं होतं म्हणे. उगीच कशाला उकरायचं?"

"ते माझे वडील, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "आडनाव सारखं वाटलं होतं मला. पण तिकडे निम्मं गाव एकाच आडनावाचं असतं." त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली, माझं नवं काम वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "स्वच्छ केलंस हं. हे आधीच कोणीतरी करायला हवं होतं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि मला तेच सहन झालं नाही. दोष मशीनचाच होता असं कंपनीच्या कागदावर लिहून मिळेल का, असं विचारलं तर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

रविवारी घरी गेले. अण्णा ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, वैरण आणि ओझ्याचं उदाहरण देऊन. त्यांनी विळा बाजूला ठेवला.

"म्हंजी बटन मी बरूबर दाबत हुतो?"

"हो."

"मला वाटायचं, माझंच बोट घसरतंय. लई वंगाळ वाटायचं मनाला." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आईला सांगू नगंस."

"का?"

"गावाचं सोड, गाव इसरलं. तिनं मला कबूल करायला लावलं. आजवर ती जे बोलली ते चोराला बोलली, असं तिला वाटतंय. हे कळलं तर ती मागचं सगळं कुटं ठिवील?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. डोक्यात तिडीक गेली. एवढ्या वर्षांची बोलणी खाल्लेला माणूस, हातात पुरावा आल्यावरही बोलणाऱ्याचीच काळजी करतोय! मी उठले आणि आत गेले. आई भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, अण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ती ओळ, तो महिना, सरांचा चहा. शेवटी म्हणाले, "आणि कबूल करायला तूच लावलंस."

आईचे हात परातीत तसेच राहिले. तव्यावरची भाकरी करपली. तिने एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंस?"

"आत्ताच."

"आन् काय म्हनले?"

"तुला सांगू नको म्हणाले."

तेही मी सांगून टाकलं. तेवढं तरी पोटात ठेवता आलं असतं, पण मला ठेवायचं नव्हतं.

आता आई अण्णांशी फार हळू बोलते. विचारून विचारून वाढते, मान वर करत नाही. अण्णांना तो आवाज सोसत नाही, म्हणून ते ताट घेऊन गोठ्याकडे जाऊन बसतात. मी खरं तेच सांगितलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. मी फोन केला की अण्णा एक शब्द न बोलता तो आईच्या हातात देतात, आणि आई विचारते, "आता आनखी काय सांगायचं ऱ्हायलंय?"