काका, सुटलं

"काका, सुटलं."

दारात उभा राहून तो एवढंच म्हणायचा. मी मान वर न करता खिडकीकडे बोट दाखवायचो. त्याचा टॉवेल नाहीतर पायजमा आमच्या छज्ज्यावर पडलेला असायचा. आम्ही पहिल्या मजल्यावर, तो बरोबर डोक्यावर, दुसऱ्याला. कपडे वाळत घालायची दोरी त्याने स्वतःच्या हाताने बांधलेली. आठवड्यातून दोनदा सुटायची.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असला एखादा असेल. शिकलेला, सभ्य, आणि हातात काडीची अक्कल नाही.

हा डॉक्टर होता, पण गोळ्या देणारा नव्हे. विक्रोळीला कुठल्याशा लॅबमध्ये जायचा. इथे कांजूरमार्गला आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने एकटा राहायचा. मी चौथी शिकलो आणि चाळीस वर्षं बांबूच्या परांच्या बांधल्या. माझ्या गाठींवर माणसं उभी राहून प्लास्टर करायची, रंग द्यायची. एक पडला नाही. ज्याला दोरी बांधता येत नाही त्याच्याबद्दल मला आदर वाटत नाही. अजूनही वाटत नाही.

हिला मात्र त्याची दया. टॉवेल झटकून, घडी करून हातात द्यायची. तो गेला की म्हणायची, "बापडो शिकलो खूप, पण गाठ मारूक येना नाय."

"मग शिकलाय तरी काय?" मी म्हणायचो.

एकदा त्यालाच विचारलं, "लॅबमध्ये करतोस काय रे?"

"धुतो, काका."

"काय धुतोस?"

"लिव्हर. माणसाचं." त्याने चष्मा पुसला. अडचणीत आला की चष्मा पुसायचा. "दान केलेलं, पण दुसऱ्याला बसवता येत नाही असं. शिरेत नळी घालून साबणाचं पाणी सोडायचं, दिवसचे दिवस. पेशी सगळ्या निघून जातात आणि मागे नुसती पांढरी परांची उरते. तिच्यावर पुढे पेशंटच्या पेशी चढवायच्या. वर्षाकाठी एखादंच मिळतं हो."

"बसवलं का कुणाला?"

"अजून नाही. वेळ लागेल."

परांची हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून माझं डोकं फिरलं. स्वतःचा पायजमा धड टांगता येत नाही, आणि हा माणसाच्या आतली परांची करतोय. हिला सांगितलं तर हसली. म्हणाली, तुमच्याच धंद्यातला निघाला की.

गेल्या वर्षी ही बाथरूममध्ये पडली. डोक्यात रक्त साकळलं. मशीनवर छाती हलत होती, पण डॉक्टर म्हणाले मेंदू गेला, आता ती नाही. मूत्रपिंडं आणि डोळे मागितले, मी दिले. लिव्हर चरबीमुळे कुणाच्या कामाचं नव्हतं. संशोधनाला देता का म्हणाले. मला फक्त तो परांची शब्द आठवला. त्या शब्दावर मी सही केली.

सातव्या दिवशी दुपारी तो दारात आला.

"काका, सुटलं."

मी खिडकीकडे बोट दाखवलं. छज्ज्यावर काही नव्हतं.

"नळी सुटली," तो म्हणाला. "लिव्हरची एक बाजू फुगून फाटली. दुसरी वाचेल, पण परत बांधली तरी घसरते. ओलं असतं ना सगळं."

"कुणाचं आहे ते?"

"नंबर असतो, काका. नाव नसतं."

"वर्षाकाठी एखादंच मिळतं म्हणालास ना?"

तो चष्मा पुसायला लागला.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. हात उगारला होता, एवढं सांगतो. तो हलला नाही. मार खायची तयारी करूनच आला होता बहुतेक, पण मारून दुसरी बाजू वाचणार होती का?

हिच्या परकराची नाडी ओढून काढली, पाण्यात बुडवली, लाटण्याबरोबर त्याच्यापुढे टाकली. "बांध."

त्याने बांधली. मी टोक ओढलं, सुटली.

"ही सुरगाठ. बुटाला मारतात. एवढी पुस्तकं वाचलीस आणि लिव्हरला बुटाची गाठ मारलीस?" नाडी हातात घेतली. "आधी दोन वेढे, शेजारी शेजारी. मग एक आडवा, त्या दोघांना आवळणारा. मग निरगाठ. बघितलंस? आता तू."

त्याने केली. मी ओढली. परत केली. त्याची बोटं लाल झाली तरी मी थांबू दिलं नाही. चहाचं विचारलं नाही. एकदा त्याने हिसका दिला तेव्हा म्हणालो, "दमाने. बांबू नाही तो."

शेवटी सुटेना. तो उठला आणि तसाच विक्रोळीला गेला. नाडी चुकून खिशात घालून गेला. ती मी मागितली नाही.

दहाबारा दिवसांनी मोबाइलवर फोटो दाखवायला आला. अर्धंच होतं. पांढरं, शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखं, आरपार दिसणारं, आत शिरांची जाळी. त्यात ही कुठेच दिसली नाही मला. म्हणून नळीकडची बाजू मोठी करायला लावली. दोन वेढे, एक आडवा.

"कशी आहे, काका?"

"बरी आहे."

माझ्या हाताखालच्या माणसांनाही मी यापेक्षा जास्त कधी म्हटलं नाही.

दिवाळीनंतर दुसरीकडे नोकरी लागली म्हणून तो गेला. सांगायला आला तेव्हा मी टीव्ही बंद केला नाही. जाताना वरची दोरी तशीच ठेवून गेला. काम झालं की आपली दोरी आपण सोडून न्यायची असते, एवढं साधं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

परवा वरची नवी भाडेकरीण दारात आली. तिला तिथे कपडे वाळवायचा स्टँड लावायचाय.

"काका, ती दोरी तुम्ही बांधली होती का? सुटतच नाहीये."

"राहू दे," मी म्हणालो. "कापू नको."