जेवणाआधी अण्णांची दोन मिनिटं

तळा गावच्या बँकेत मी काउंटरवर होते तेव्हा माझ्या नवऱ्याचा, सुहासचा फोन आला. एरवी कामाच्या वेळी तो फोन करत नाही. "अण्णा गेले," एवढंच म्हणाला. सकाळी अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हसळ्याजवळच्या एका गावात हळदीचा मांडव घालून आले होते. स्पीकर लावून, माइक तपासून, घरी येऊन पोटभर जेवले आणि रोजच्यासारखे गोदामात, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर जरा आडवे झाले. चहाला उठवायला सुहास गेला, तर उठलेच नाहीत. आता दीड महिना होऊन गेला. रडू येतं, पण त्या रडण्यात तक्रार नाही. पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर, हातातलं काम पुरं करून, कोणाला पाणी द्यायलाही न लावता माणूस गेला. त्यांना असंच जायला आवडलं असतं.

अण्णांचा मांडव आणि साउंडचा धंदा. म्हसळ्यापासून तळ्यापर्यंत कुठल्याही गावात लग्न, पूजा, नामकरण असो, बांबू आणि स्पीकर अण्णांचे, आणि बहुतेक वेळा माइकवरचा आवाजही त्यांचाच. आमच्या लग्नात वरपिता म्हणून फेटा बांधलेला हा माणूस ऐन मंगलाष्टकांच्या आधी बिघडलेला अॅम्प्लिफायर उघडून बसला होता. पनवेलची माझी माहेरची माणसं बघतच राहिली. आवाज सुरू झाला तसे फेटा सावरत माझ्या वडिलांजवळ आले आणि म्हणाले, आता व्याही म्हणून उभा राहतो. त्या दिवसापासून मला त्यांची भीती कधी वाटलीच नाही.

आमच्या मुलीलाही वाटली नाही, आणि पुढे सगळं निभावलं ते त्यामुळेच. हे मी सईला विचारून लिहिते आहे. तेव्हा ती सातवीत होती. तिला वेगळा मोबाइल द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं, म्हणून ती अण्णांच्या मोबाइलवर गेम खेळायची. त्या गेममध्ये तिला नाशिकची माही भेटली. ती म्हणे आठवीत. माही गेममधली बक्षिसं द्यायची, सईच्या चित्रांचं कौतुक करायची, आई रागावली की समजूत घालायची. आम्हालाही नाव माहीत होतं. बरं वाटायचं, की लांबची का होईना, मैत्रीण आहे.

एका संध्याकाळी अण्णा मांडवाची ऑर्डर बघायला मोबाइल घेऊन बसले आणि माहीचा मेसेज समोर आला. फोटो लवकर पाठव, आणि हे सगळं पुसून टाक, आजोबांना दिसू देऊ नकोस. अण्णांनी मोबाइल आपटला नाही. सईला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "बाय, ही तुझी मैत्रीण हाय ना... मग माझ्यापासून काय लपवते?"

सई रडायला लागली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी गणवेशातला फोटो मागितला होता, तो हिने पाठवला होता. आता नको तसले फोटो हवे होते. नाही पाठवलेस तर तुझ्या बाबांना सांगेन, शाळेत सगळ्यांना दाखवेन, अशी धमकी होती. कितीतरी दिवस ती जेवत नव्हती आणि आम्ही समजत होतो, परीक्षेचं टेन्शन आहे.

आम्ही घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर आमची वाट बघत होते. आत जाऊ दिलं नाही. "आधी पाणी प्या दोघं. पोरीला एक शब्द बोलायचा न्हाय, कबूल करा... मगच सांगतो." सुहास तापट आहे. त्याने कबूल केलं, आणि ऐकताना मुठी आवळून बसला, पण शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथल्या बाई फार नीट वागल्या. उत्तर देऊ नका, पण काही पुसूही नका, तोच पुरावा आहे, असं म्हणाल्या. पुढे काही महिन्यांनी माही सापडली. ती चाळिशीतला एक पुरुष होती. सईसारख्या आणखी मुली त्याच्या जाळ्यात होत्या.

आम्हाला वाटलं, संपलं. अण्णांना तसं वाटलं नाही. पुढच्याच हळदीत, पंगत बसायच्या आधी, त्यांनी माइक हातात घेतला आणि दोन मिनिटं मागितली. सईचं नाव न घेता सगळं सांगितलं. यजमान नाराज झाले. शुभकार्यात हे कशाला, असं तोंडावर बोलले. अण्णा म्हणाले, सगळी माणसं एका जागी मला दुसरीकडे कुठे भेटणार? तेव्हापासून मांडवाची बोलणी करतानाच ते ही दोन मिनिटं मागून घ्यायचे. एक-दोघांनी ऑर्डर काढून घेतली. अण्णांनी घेऊ दिली.

पण सुरुवातीचं ते भाषण भीतीचं होतं. मोबाइल म्हणजे विषारी जनावर, असं काहीसं ते बोलायचे. ते ऐकून एका बापाने घरी जाऊन मुलीचा मोबाइल फोडला आणि तिचा क्लासही बंद केला. मुलीची मावशी आम्हाला सांगायला आली. अण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत. "सूनबाई, मी आईबापांना भिववलं," ते म्हणाले, "आणि भोगलं पोरीनं." सकाळी उठून त्या गावी गेले, त्या बापाच्या अंगणात बसले. काय बोलले ते आम्हाला कधी सांगितलं नाही, पण मुलगी पुन्हा क्लासला जाऊ लागली.

त्यानंतर अण्णांनी आणि मी मिळून ते बोलणं बदललं. त्यात जनावर राहिलं नाही. राहिलं ते एवढंच, की गोड बोलणारा अनोळखी माणूस 'घरी सांगू नको' म्हणाला की तिथेच थांबायचं आणि घरी सांगायचं. आणि थोरांसाठी, की मूल सांगायला आलं तर आधी घोटभर पाणी प्यायचं, ओरडायचं नाही, कारण आपण ओरडलो की ते पुढच्या वेळी सांगणार नाही. पोरं अण्णांना 'पाणीवाले आजोबा' म्हणायला लागली. शिमग्याला मुंबईहून आलेले लोक आपल्या सोसायटीत बोलायला चला म्हणायचे.

एका लग्नात, मांडव उतरवताना, अण्णा वायर गुंडाळत होते. एक मुलगी बराच वेळ जवळ घुटमळत राहिली. मग म्हणाली, माझंपण तसंच झालंय. अण्णांनी वायर खाली ठेवली, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, आईला तू सांगतेस की मी बरोबर येऊ? बरोबर गेले. ती मुलगी आता पनवेलला नर्सिंग शिकते. अण्णांच्या तेराव्याला आली होती. कोणाशी फारशी बोलली नाही, पण पंगतीत वाढायला उभी राहिली आणि शेवटच्या पानापर्यंत वाढत होती. तिच्याकडे बघताना मला फार शांत वाटलं.

घरात मात्र अण्णांची एक सवय होती, ती बाहेर कोणाला माहीत नव्हती. संध्याकाळच्या चहाला ते सगळ्यांना विचारायचे, आज मोबाइलवर कोण काय बोललं? फक्त सईला नाही, सुहासला आणि मलाही. स्वतःचंही सांगायचे, अगदी शिळ्या विनोदांसकट. ते गेल्यावर काही दिवस चहा मुकाट्यानेच झाला. परवा सईने कप ठेवले, ओट्यावर मांडी घालून बसली आणि तिनेच विचारलं. सुहासने काहीतरी सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली... मी जरा घुटमळले. आठवडाभर एक अनोळखी माणूस मला मेसेज पाठवत होता. परदेशी जहाजावर कप्तान आहे म्हणे, माझा फोटो बघून त्याला माझ्याशी मैत्री करावीशी वाटली म्हणे. मी उत्तर दिलं नव्हतं, पण कोणाला सांगितलंही नव्हतं. उगाच लाज वाटत होती. ती मी तिथेच, मुलीसमोर बाजूला ठेवली आणि सांगून टाकलं.

सई हसली नाही. माझ्याजवळ सरकली, हात पुढे केला आणि म्हणाली, "दाखव बघू." मी मोबाइल तिच्या हातात दिला.